सात जणांत एक भांडखोर हवाच

आमच्या खान्देशात माणसाचं घर बांधून झालं, मुलीचं लग्न उरकलं आणि गुडघे अजून शाबूत असले, की त्याला समाजसेवेची उबळ येते. ही उबळ आली की तो जळगावात माझ्याकडे यायचा. मी संस्था काढून द्यायचो. कोणी पत्रिका जुळवून देतं, कोणी जागा बघून देतं, तसा मी संस्था काढून देणारा. वकील नव्हतो. एका वकिलाकडे टंकलेखन करत होतो, पण पक्षकार साहेबांपेक्षा मलाच जास्त विचारायला लागले, तेव्हा साहेबांच्या डोळ्यांवर यायच्या आत मी सराफ बाजारामागच्या गल्लीत एक खोली घेऊन वेगळा झालो. ऐंशीनंतरची दहा-पंधरा वर्षं धंदा जोरात होता. लोक मला मधुभाऊ संस्थावाले म्हणत.

संपादकांनी 'संस्था कशी काढावी आणि पैसे कसे उभे करावेत' यावर काहीतरी उपयुक्त लिहा म्हणून सांगितलंय. उपयुक्त आहे की नाही ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. एकदा आमच्याच वकिलांनी माझा सल्ला ऐकून संस्था काढली, आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलत नाहीत.

संस्था म्हणजे काय, ते आधी सांगतो. सात माणसं लागतात. सात सह्या, एक नाव, एक पत्ता, उद्देश आणि घटना. घटना म्हणजे घरचे नियम: सभा कधी घ्यायची, मत कोणाला, बँकेतून पैसे काढायला कोणाकोणाची सही. हे सगळं धर्मादाय कार्यालयात नेऊन दिलं, कोणी हरकत घेतली नाही, की नोंदणी क्रमांक मिळतो. लग्न लावण्यापेक्षा सोपं काम. पुढचं मात्र लग्नासारखंच असतं. वऱ्हाडी जेवून निघून जातात आणि संसार एकाच्याच गळ्यात पडतो.

उद्देश लिहिताना लोकांचा हात फार सैल सुटायचा. काढायची असते बालवाडी, पण उद्देशात गोरक्षण, ग्रंथालय, व्यायामशाळा, पूरग्रस्तांना मदत आणि झालंच तर परदेशी विद्यापीठांशी सहकार्य. मी खोडायला लागलो की म्हणायचे, "असू द्या ना भाऊ, लिहायला काय जातं?" धुळ्याहून एक गृहस्थ आले होते. लेटरहेड छापून तयार, शिक्का तयार, अध्यक्ष स्वतः, उपाध्यक्ष मेहुणा. मी विचारलं, "काम काय करणार?" ते म्हणाले, "त्यासाठीच तर तुमच्याकडे आलो. काहीतरी बरंसं सुचवा. फार दगदगीचं नको."

नशिराबादच्या एकानं सात जण घरातच भरले. चार भाऊ, आई, चुलता, आणि सातवी म्हणून धाकट्या भावाची ठरलेली नवरी. मुलगी शिकलेली, अक्षर चांगलं, म्हणून तिलाच चिटणीस केलं. पुढे लग्न मोडलं. संस्था नोंदलेली, आणि चिटणीस काही राजीनामा देईना. "लग्न तुम्ही मोडलं, संस्था मी कशाला मोडू?" म्हणाली. तिनं त्याच संस्थेत शिवणवर्ग सुरू केला आणि तो उत्तम चालवला. त्या घरातले चारही भाऊ तिच्या वार्षिक सभेला येऊन खाली मान घालून चहा पीत.

अशा अनुभवांतून माझे काही नियम झाले. खजिनदार असा घ्यावा ज्याला मुळातच झोप कमी आहे. संस्थेला वडिलांचं नाव देऊ नये, भाऊ हिस्सा मागतात. पहिल्या देणगीतून जीप घेऊ नये. पहिली पावती गावातल्याच माणसाच्या नावानं फाडावी, मग रक्कम चहाच्या कपाएवढी का असेना. ज्या संस्थेला तिच्या गावानं एक चहा पाजला नाही, तिला बाहेरचा माणूस जेवण कशाला घालील? आणि सगळ्यांत मोठा नियम: सात जणांत एक भांडखोर माणूस मुद्दाम घ्यावा. सातही जण गुण्यागोविंदानं नांदणारे असले, की संस्था हळूहळू कोणाच्या तरी खिशात जाते आणि इतर सहा जण 'छान चाललंय' म्हणून सह्या करत राहतात. भांडखोर माणूस बाहेर ठेवला तर तो तक्रारीचे अर्ज करत बसतो. आत घेतला तर निदान तेच प्रश्न चहा पिऊन विचारतो.

हा नियम मी येईल त्याला सांगितला. मानला एकीनंच, आणि तोही नाइलाजानं. खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं, बाकीचं सगळं उगाच पाल्हाळ लावलं.

सुमनअक्का रावेर तालुक्यातल्या एका गावची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झालेली. दिवाळी होऊन गेल्यावर एके दुपारी माझ्या खोलीत आली, पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "भाऊ, मले संस्था नाही काढाची. मले छप्पर पाहिजे. लोक म्हनता, छप्पराले पैसे मांगाचे तं आधी संस्था लागते."

इतक्या वर्षांत संस्था नको म्हणत माझ्याकडे आलेलं हे एकमेव गिऱ्हाईक.

हकीकत अशी होती. केळीच्या बागांत कापणी चालते तेव्हा बाया घड डोक्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत आणतात. त्यांची तान्ही पोरं बागेतच, साडीच्या झोळीत नाहीतर सरळ पाल्यावर. बाहेर ऊन भाजत असताना केळीत गार असतं, बाहेरच्याला वाटतं किती छान. पण जिथे गारवा आणि ओल, तिथे सापही येतो. आदल्या वर्षी एका पोराला साप चावला. अक्काला बोलावणं आलं, ती धावत गेली, पोर तिच्या हातात गेलं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. पुन्हा कधी ती त्यावर बोलली नाही.

त्यानंतर तिनं रस्त्यालगतची एका शेतकऱ्याची केळी भरायची पत्र्याची शेड मागून घेतली आणि बायांची पोरं दिवसभर तिथे सांभाळायला लागली. आता शेडवाल्याला शेड दुसऱ्याला द्यायची होती. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि बाकीचे करारही आखाजीलाच. त्यानं सांगून टाकलं, आखाजीला शेड मोकळी करा. आखाजी म्हणजे रावेरच्या उन्हाचा ऐन कहर. तेव्हा पोरं उघड्यावर ठेवता येत नाहीत, म्हणजे ती परत बागेत जाणार. अक्काकडे घराला लागून स्वतःची थोडी जागा होती, ती ती देणार होती. भिंतींच्या विटा आणि मजुरी गावानं कबूल केली होती. छप्पर मात्र कोणाकडूनच होत नव्हतं.

सरकारी अनुदानाचं तिनं विचारलं. मी सांगितलं, आधी तीन वर्षं संस्था चालवून दाखवायची, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब जोडायचे, मग अर्ज. पोहायला आल्याशिवाय विहिरीत उतरू नका, असा तो प्रकार. अक्का म्हणाली, "मंग तीन वर्स पोरायले काय सांगू?"

सहा नावं तिनं आणलीच होती: ती स्वतः, कापणीच्या दोन बाया, पोस्टमास्तर, शाळेतल्या बाई आणि एक ट्रॅक्टरवाला. मी विचारलं, "गावात सगळ्यांत भांडखोर कोण?"

"नामदेवनाना," ती लगेच म्हणाली. "पन त्याले नका घेऊ, भाऊ."

"त्यालाच घ्यायचं."

नामदेवनाना मूळचे धुळ्याकडचे, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर बायकोच्या गावात येऊन राहिले. बोली धुळ्याकडची अहिराणी, आवाज गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. रेशन दुकान, नळाची वेळ, देवळाचा भोंगा, कशावरही भांडायचे. संस्थेची घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा हा मला भेटलेला पहिला माणूस. नाहीतर लोक सही कुठे करायची तेवढंच विचारतात. नाना वाचता वाचता थांबले.

"अध्यक्षले दोन मते काबर?"

"समसमान मतं पडली तर एक जादा मत असतं, नाना. सगळीकडे असतं."

"त्याले काय दोन डोका शेतस?"

ते कलम मी खोडलं. त्यानंतर मी कोणत्याच घटनेत ते घातलं नाही.

नोंदणी झाली. आता पैसे. इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. त्या काळी बाजारात शेतकरी माल घेऊन गेला, की त्याच्या हिशोबपट्टीत हमाली, तोलाई, अडत यांच्याबरोबर 'धर्मादा' म्हणून थोडी रक्कम कापली जायची. अगदी किरकोळ. कोणी तक्रार करत नसे, धर्माच्या नावावर कोण करणार? ती व्यापाऱ्याकडे वेगळी जमत राही आणि तो ती पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा अशा कामांना देई. म्हणजे जळगावच्या प्रत्येक दालमिलच्या गादीवर एक छोटा झरा वाहत होता. आमच्यासारखे लोक सगळे त्याच झऱ्यावर भांडी घेऊन उभे.

सोभागशेठ त्यांतले मोठे. दालमिलवाले, राजस्थानातलं जैन घराणं, माणूस सरळ आणि कमी बोलणारा. त्यांच्या गादीवर रोज कोणी ना कोणी पावतीपुस्तक घेऊन बसलेला असायचा. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगे, गादीवर कधीही मागू नका. गादीवर माणूस व्यापारी असतो. त्याला कामाच्या जागी न्या, पोरांत उभा करा. मी शेठना रावेरला यायचं आमंत्रण दिलं. दोन-तीनदा टाळून शेवटी ते हो म्हणाले.

समितीत विषय निघाला, शेठचा मान कसा राखायचा? सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं, भरीत. थंडीचे दिवस, शेतातली हिरवी भरिताची वांगी, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी बडगीत कुटलेली, वर कांद्याची पात, लसूण आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. यापेक्षा मोठा मान आमच्याकडे नाही. मीही मान डोलावली. नानांनीसुद्धा हरकत घेतली नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती.

मी जळगावात जन्मलो. जैनांच्या शेजारी वाढलो. त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या पोरांबरोबर शाळेत गेलो. तरी माझ्या डोक्यात आलं नाही की शेठ वांगं खात नाहीत, कांदा-लसणाला शिवत नाहीत आणि सूर्य मावळला की पाणीही पीत नाहीत. एका जेवणात तीन चुका बसवणं एकट्या माणसाला जमत नाही, त्याला समिती लागते.

शेठ दुपारीच निघाले होते, पण सावद्याच्या पुढे केळीच्या ट्रकांनी रस्ता अडवला आणि गाडी शेतात पोचली तेव्हा सूर्य नेमका टेकलेला. शेठ उतरले. त्यांनी सूर्याकडे बघितलं, जाळावरच्या वांग्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मधुभाऊ, जळगावात किती वर्षं झाली तुम्हाला?"

"जन्मच तिथला, शेठ."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

आता पंचाईत अशी, की पाहुण्यानं घास घेतल्याशिवाय गाव जेवत नाही. शेठ म्हणाले, "तुम्ही बसा, जेवा, माझं काही मनात आणू नका." कोणी बसेना. दिवसभर घड वाहून आलेल्या बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या. पोरं वासानं भुकेली होऊन किरकिरायला लागली. अक्कानं केळी पुढे केली, शेठनी हात जोडले. वेळ भरून काढायला मी भाषणाला उभा राहिलो. शेठजींचा दानशूरपणा, शेठजींचा हात, जळगावात शेठजींसारखं कोणी नाही, असलं नेहमीचं. असल्या भाषणाची मला इतकी सवय होती की मी ते झोपेतही करू शकलो असतो.

"हरकत," नाना मागून म्हणाले.

"नाना, ही सभा नाही."

"मंग भाषन काबर चालू शे?" ते पुढे आले. "धर्मादा शेठना नही शे. मी तूर लई गऊ, मना पट्टीमा धर्मादा कापा. ह्या ट्रॅक्टरवालाना कापा. बठ्ठास्ना कापा. पैसा आम्हना आनि हात शेठना. मंग दानशूर कोन?"

अक्कानं कपाळाला हात लावला. मी खाली बसायचं विसरलो. शेठ नानांकडे बराच वेळ बघत राहिले, मग उठले आणि शांतपणे म्हणाले, "मी असेपर्यंत ही पोरं उपाशी राहतील. म्हणून जातो. जेवून घ्या." गाडी निघून गेली. मग गाव जेवलं. भरीत फार छान झालं होतं. तशा अवस्थेतही मी दोनदा घेतलं.

मी जळगावला निघताना अक्का एवढंच म्हणाली, "तुमीच म्हटलं व्हतं, भांडखोर घ्या."

माझा इतक्या वर्षांचा नियम एका संध्याकाळी माझ्याच अंगावर कोसळला होता, आणि भरपाई माझ्याकडून नाही, त्या पोरांकडून होणार होती. मी दुसरीकडे खटपट केली. एका सराफानं भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. एकानं पात्यांवर आजोबांचं नाव रंगवलेले दोन पंखे देऊ केले. पंखे टांगायचे कशाला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नानांशी मी बोलणं सोडलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते रोज शेडवर जाऊन पोरांसाठी पाणी भरायचे. बादल्या आणता-नेता वाटेत भांडायला माणसं मिळतात म्हणून ते काम त्यांनी आवडीनं अंगावर घेतलं होतं.

चैत्र लागला. एका भर दुपारी शेठ न कळवता गावात आले. हे मला नंतर अक्कानं सांगितलं. शेडच्या पत्र्यांवर तिनं ओली पोती टाकली होती, खाली पोरं ओळीनं झोपलेली. शेठ दारातच भुईवर बसले आणि म्हणाले, "अक्का, आता दिवस आहे. केळं द्या." दोन केळी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "छप्पर मी घालतो. एक गोष्ट पाहिजे. भिंतीत संगमरवराचा दगड, त्यावर माझ्या वडिलांचं नाव."

अक्कानं निरोप पाठवून मला सभेला बोलावलं. शेठही आले. सहा जणांना काय अडचण असणार? मलाही नव्हती. देणगीदाराचं नाव दगडावर कोरणं हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग. मी तर दगडवाल्याचा पत्ताही सांगायचो. पण नाना उभे राहिले.

"पैसा बठ्ठास्ना आनि नाव एकना बापनं?"

"नाना," मी म्हटलं, "आखाजी तोंडावर आलीय."

"माले माहीत शे. पानी मी भरस, तुम्ही नही."

मी अक्काला म्हटलं, मत घ्या. सहा विरुद्ध एक, ठराव मंजूर होतो, घटनेत लिहिलंय. अक्कानं एकेकाकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही भाऊ. सात जन हाये तं सातायचं ऐकाचं. एकाले सोडून छप्पर टाकलं, तं उद्या दुसऱ्याले सोडतीन." तिला काय पणाला लागलंय ते तिच्याइतकं तिथे कोणाला माहीत नव्हतं, आणि तरी ती हे बोलली. मला तिचा राग आला. आज सांगतो, फार राग आला.

शेठनी नानांना विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"झिपरू."

"काय करायचे?"

"मजुरी. दुसरं काय करतीन? लोकेस्ना शेतमा जनम गया."

शेठ म्हणाले, "माझे वडील इथे आले तेव्हा बाजारात पोती वाहायचे. मिल नंतरची, माझी. त्यांचं नाव कुठंच नाही लागलं. म्हणून पाहिजे होतं." पोस्टमास्तरांनी चहा आणायला सांगितला, तो आला, गार झाला. मग शेठ म्हणाले, "दगड मी गाडीतून आणलाय. कोरायचा राहिलाय. कोराच बसवा. मी येईन तेव्हा वडिलांचं नाव वाचीन. तुम्ही तुमच्या वडिलांचं वाचा."

नानांनी बराच विचार केला. हरकत शोधत होते, ती सापडेना हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"दगड कोनता शे?"

"मकराणा."

"मंग चाली," नाना म्हणाले.

आखाजीच्या आदल्या दिवशी पत्रे चढले. सणाला माहेरी आलेल्या गावच्या पोरी झाडांना बांधलेल्या झोक्यांवर झुलत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि अक्काच्या नव्या खोलीत छपराच्या अँगलना साडीच्या झोळ्या टांगलेल्या, त्यांत तान्ही पोरं झोपलेली. भिंतीत पांढराशुभ्र कोरा दगड. मी तिथे उभा होतो आणि मला फार आनंद झाला होता. नाना शेजारी येऊन म्हणाले, पत्रा एका बाजूला वाकडा बसलाय. खरंच बसला होता.

पुढे जे झालं ते मात्र कोणी योजलं नव्हतं. संस्था बघायला जो येई, तो त्या दगडापाशी थांबे. "यावर काही लिहिलं नाही?" अक्का म्हणायची, "जागा ठेवली हाये." एवढंच. खोटं ती बोलत नव्हती. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटे, जागा आपल्यासाठी ठेवलीय. अशा रीतीनं नळ आला, दुसरी खोली आली, संडास आला, एका केळीच्या व्यापाऱ्यानं कंपाउंड घालून दिलं. प्रत्येक जण दगडाकडे एकदा बघून घ्यायचा आणि पुढच्या वर्षी परत यायचा. तीन वर्षांनी सरकारी अनुदानही मंजूर झालं. तोवर गरज बरीच भागली होती, पण आलेलं परत पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही.

देणग्या मिळवायचा याहून चांगला उपाय मला माझ्या सगळ्या धंद्यात सापडला नाही. मी तो पुष्कळ संस्थांना सांगितला. त्यांनी कोरे दगड आणले, बसवले, आणि महिन्याभरात अध्यक्षांचं नाव कोरून मोकळे झाले. कोरा दगड राखायला सात जणांत एक तरी नाना लागतो.

शेठ वर्षातून एकदा यायचे, दिवसाउजेडी. दगडासमोर क्षणभर उभे राहायचे, केळं खायचे, नानांशी एखाद्या गोष्टीवर वाद घालायचे आणि जायचे. मला तर शंका आहे, ते वादासाठीच यायचे. मिलमध्ये त्यांच्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नव्हती. एके वर्षी ते आले नाहीत, त्यांच्या मुलाचा निरोप आला.

मग अक्का गेली. पोरांना आंघोळ घालून आली, जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. शोकसभेला मी गेलो. तिच्या झोळ्यांत वाढलेल्या मुली आता स्वतःची पोरं घेऊन आल्या होत्या. पोस्टमास्तरांनी ठराव मांडला, दगडावर सुमनअक्कांचं नाव कोरावं. सगळे हात वर गेले. माझाही जाणार होता, पण मी सभासद नव्हतो. नानांचा हात तेवढा काठीवर होता.

काठी टेकत ते उठले. "हरकत."

लोक चिडले. एक बाई सरळ म्हणाली, "नाना, आज तरी गप बसा."

"नाव कोरं म्हनजे दगड भरी जाई," नाना म्हणाले. "मंग जो येई तो वाची आनि चालना जाई. तिनी जागा ठेवेल शे. ती जागा..."

नामदेवनाना भांडण अर्ध्यात सोडून खाली बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला आणि ते मोठ्यानं रडायला लागले. मी उठून म्हणालो, "नानांच्या हरकतीला माझं अनुमोदन आहे."

रुमालातून आवाज आला, "तुम्ही सभासद नही शेतस."

ठराव मागे घेतला गेला.

दगड अजून कोरा आहे. मधूनमधून मी जातो. शेठ तिथे वडिलांचं नाव वाचायचे, नाना झिपरूबाबांचं. मी चष्मा पुसतो आणि सुमनअक्काचं वाचतो, मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. नानाही आता राहिले नाहीत. वाचून झाल्यावर मी जरा थांबतो. कोणी हरकत घेत नाही, आणि मला काही ते बरोबर वाटत नाही.